गाण्याची बैठक करताय? आधी नवरा-नवरी शोधा

ओळखीच्या कॅफेत तीसेक लोकांसमोर एक पेटी, एक तबला आणि एक गाणारा असा छोटासा कार्यक्रम करावा असं मनात आलंय ना तुमच्या, छान, पण हे आत्ताच कुणाला बोलू नका, कारण "परवानगी काढलीस का?" असं विचारणारा एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच आणि तो बरोबरच विचारत असतो.

तर आधी परवानगी. सार्वजनिक करमणुकीचे आपल्याकडचे नियम आहेत १९६० चे, त्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत, त्यामुळे गिटार घेऊन बसलेला पोरगा यातल्या कशात टाकायचा हे खिडकीपलीकडच्या माणसालाही पटकन सुचत नाही, त्याच्यावर चिडू नका. जागेचं लायसन्स वेगळं, कार्यक्रमाचं वेगळं, माइकची लेखी परवानगी आणखी वेगळी. मला त्याच खिडकीतून विचारलं होतं, "पोलीस बंदोबस्त किती लागेल?" म्हटलं साहेब, तीस लोक येणार, त्यातले सात कलाकारांच्या घरचेच. "मग कार्यक्रम कशाला करताय?" आता याला काय उत्तर देणार, सांगा.

माणसं मोजायची पण सवय ठेवा. ऑर्केस्ट्रा बारच्या लायसन्सात स्टेजवर चार बायका आणि चार पुरुष असं लिहिलेलं असायचं, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बायका किती, पुरुष किती ही अट काढून टाकली, आठाचा आकडा मात्र राहिला. म्हणजे तिथे नववा कोरसवाला असेल तर त्याला गिऱ्हाईक म्हणून बसवायचं आणि तिथूनच सूर लावायला सांगायचं.

वेळेचं म्हणाल तर रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद, ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम. सूट वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस, तीही १२ पर्यंत, आणि ते दिवस कुणाच्या वाट्याला जातात हे गणपतीत तुमच्या खिडकीची काच सांगतेच. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात पूर्वी पहाटेपर्यंत गाणं चालायचं, तिथे सुद्धा आता घड्याळ आलं, तर तुमच्या कॅफेचं काय घेऊन बसलात. मालकंस हा उशिरा रात्रीचा राग, त्याला समजावून सांगा, बाबा रे, जरा साडेसातला ये. आणि हो, रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, साध्या गप्पाच ६० च्या आसपास जातात, तेव्हा प्रेक्षकांना दाद देताना नुसती मान हलवायला सांगा.

आता कॉपीराइट, ही खरी मजा. तुम्हाला वाटेल तुकोबांचा अभंग घेऊ, तुकोबा काय पैसे मागणारेत. नाही मागणार, पण ज्या चालीत तो तुम्हाला पाठ आहे ती चाल बांधणाऱ्या संगीतकाराला जाऊन ६० वर्षं झाली नसतील तर चालीवर हक्क आहे. शब्द फुकट, सूर विकत! गीतकार-संगीतकारांच्या वतीने आयपीआरएस नावाची संस्था पैसे घेते, मध्यंतरात रेकॉर्ड लावलीत तर रेकॉर्ड कंपन्यांच्या वतीने पीपीएल नावाची. पैसे द्यायला माझी ना नाही, ज्याने चाल बांधली त्याच्या घरीही चूल पेटायला हवी, पण आमचे तिकिटाचे जमले होते चार हजार, त्यातून तबलजीची रिक्षा आणि तीस चहा गेल्यावर जे उरलं त्यात किती जणांच्या चुली पेटवायच्या? जीएसटी मात्र ५०० पर्यंतच्या तिकिटाला माफ आहे, तेवढ्यापुरते हात जोडा.

पण घाबरू नका, वाट कायद्यातच आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि लग्न, अगदी वरातीसकट, यांना सूट आहे. म्हणजे तीस जणांसमोर पेटीवर नाट्यगीत म्हटलंत तर हिशोब द्या, आणि हजार माणसांच्या वरातीत तेच बँजोवर बडवलंत तर मंगल कार्य. तेव्हा इथून पुढे बैठक ठरली की आधी जोडपं शोधा, मग गायक.

आमची पुढची तारीख ठरलीये, नवरा पण मिळालाय, आमचाच तबलजी. वय ३४, मुलगा निर्व्यसनी, पत्रिका बघत नाही. कुणाच्या बघण्यात मुलगी असेल तर कळवा, फक्त मुहूर्त रात्री दहाच्या आतला हवा आणि मंगलाष्टकं ५५ डेसिबलमध्ये बसली पाहिजेत.