‘दोन गिटारी’ शेवटी पळतात, तेव्हाही त्या रडतच असतात : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘दोन गिटारी’ या रशियन जिप्सी गाण्याच्या द्वंद्ववादनावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय : “मायनर स्केल म्हणजे आपल्या किरवाणीसारखा करुण रस. करुणाला विलंबित लयच शोभते. शेवटची पळापळ ही हॉटेलातल्या पर्यटकांसाठी केलेली कसरत. तिला ‘उत्कट’ म्हणणं अडाणीपणाचं आहे. चार व्हिडिओ पाहून रशियन संगीतावर लिहू नये.” पुढे गिटारीच्या सहा तारांबद्दल, टेम्पोच्या म्हणजे लयीच्या वेगाच्या आकड्यांबद्दल आणि माझ्या शुद्धलेखनाबद्दलही बरंच काही आहे.

आधी ‘चार व्हिडिओ’. मत पटलं नाही तर जरूर सांगा, पण समोरच्याने काय आणि किती ऐकलंय हे न विचारताच त्याची अक्कल काढायची, ही कुठली रीत? मी ऐंशीच्या दशकात मॉस्कोत शिकायला होते. आमच्या होस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात हे गाणं मी रात्री-अपरात्री ऐकलंय. दुसरी गिटार धरणाऱ्या मुलाचा डावा अंगठा गिटारीच्या मानेवरून वर यायचा आणि खर्जाच्या तारा दाबायचा. बाकीची बोटं कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांवर. पहिला वाजवणारा सुरुवातीची ओळ हवी तितकी लांबवायचा आणि हा त्याच्या तोंडाकडे बघत थांबून राहायचा. मग एका क्षणी यानेच ठेका पकडायचा, आणि त्यानंतर पहिल्याला थांबायची सोय नसायची. लय चढत जायची तसे ऐकणाऱ्यांचे चेहरे आणखी उतरायचे. खाली दारावर बसणारी म्हातारी वर येऊन डोळे पुसताना मी स्वतः पाहिली आहे. तिथे हॉटेल नव्हतं आणि पर्यटक तर नव्हतेच. तेव्हा ही कसरत कुणासाठी चालली होती, ते तुम्हीच सांगा.

आता तुमचं मुख्य वाक्य : करुणाला विलंबित लयच शोभते. हे तुम्ही नियम सांगावा तसं सांगितलंय. किरवाणी रागाचे स्वर हार्मोनिक मायनरचेच (पाश्चात्त्य संगीतातल्या मायनर या उदास छटेच्या स्वरमालेचा हा एक प्रकार), हे मलाही ठाऊक आहे. पण किरवाणीत द्रुत गत कुणी वाजवत नाही का? ती सुरू झाली की रागातली व्याकुळता उठून निघून जाते का?

आणि हे गाणं तर त्या नियमाच्या पार उलट बांधलेलं आहे. ए मायनरमध्ये धरलं तर कॉर्ड अशा येतात : डी मायनर, ए मायनर, ई सेव्हन, पुन्हा ए मायनर. म्हणजे ओळ मूळ कॉर्डवर सुरू होतच नाही. ती बाहेरून येते, घराला म्हणजे ए मायनरला नुसती शिवते, पुन्हा ई सेव्हनच्या ताणावर जाते आणि मग कुठे टेकते. टेकली की लगेच तेच चक्र. सुरुवातीच्या संथ भागात हेच चक्र आहे आणि शेवटी बोटं दिसेनाशी होतात तेव्हाही हेच. मेजरमध्ये, म्हणजे मायनरहून उजळ वाटणाऱ्या स्वरांत, सुटका नाही, नवी कॉर्ड नाही, फक्त वेग वाढतो. ‘एकदा, पुन्हा एकदा, आणखी पुष्कळ पुष्कळ वेळा’ हे पालुपदसुद्धा त्याच चार कॉर्डवर फिरतं. दुःख तेच राहून त्यातून बाहेर पडायची धडपड वाढत जाते, ती या वेगात ऐकू येते. शेवट संथ ठेवलात तर उरेल नुसती उदासी, आणि हे गाणं उदासीचं नाही. ते जिवाच्या आकांताचं आहे.

हे माझ्या पदरचं नाही. शब्द रशियन कवी अपोलोन ग्रिगोर्येव यांचे, कविता १८५७ ची, चाल मॉस्कोच्या जिप्सी गायकवृंदाचे प्रमुख इवान वासिल्येव यांची. ग्रिगोर्येव स्वतः गिटार वाजवत. ही कविता ज्या मालिकेतली आहे, ती त्यांच्या हाती न लागलेल्या प्रेमाची आहे. पहिल्या दोन ओळींत गिटारी झणकारतात आणि केविलवाण्या कण्हू लागतात, इथवर तुमचं म्हणणं चालेल. पण पुढे त्याच कवितेत तारांतले पंचम कर्कश खडखडतात, सूर बंदुकीच्या छऱ्यांसारखे सांडतात, यातनेने विव्हळावं तसे किंचाळतात. छरे विलंबित लयीत सांडतात का? ज्याचं दुःख, त्यानेच ते वेगात लिहून ठेवलंय. आता अडाणी कुणाला म्हणायचं ते ठरवा.

एक मुद्दा मात्र मान्य. मी दुवा दिलेलं वादन सहा तारांच्या गिटारीवरचं होतं आणि रशियन गिटारीला तारा सात, हे लेखात यायला हवं होतं. सातही तारा मोकळ्या छेडल्या की सरळ जी मेजर वाजतो. जिप्सी पद्धतीत मात्र बी स्वराच्या दोन्ही तारा अर्ध्या स्वराने उतरवतात, की मोकळ्या तारांतूनच जी मायनर येतो. म्हणजे मायनरची छाया वाद्य जुळवतानाच पडलेली असते. ती आणण्यासाठी हात संथ ठेवावा लागत नाही. रशियन गिटारवादक सर्गेई ओरेखोव (१९३५–१९९८) यांचं सात तारांवरचं वादन, विशेषतः अलेक्सेई पेर्फिलियेव यांच्या जोडीने केलेलं, मिळवून ऐका.

टेम्पोच्या आकड्यांवर मी वाद घालणार नाही. वाजवणारे बदलले की आकडे बदलतात. शुद्धलेखनाचं म्हणाल तर तुमच्या प्रतिक्रियेतले ऱ्हस्व-दीर्घ मी मोजत बसले नाही.

शेवटपर्यंत संथ राहिलेलं आणि तरीही या कवितेला न्याय देणारं एखादं ध्वनिमुद्रण तुमच्याकडे असेल तर दुवा पाठवा. मी ते पूर्ण ऐकेन आणि इथेच त्यावर लिहीन. पण ‘अडाणीपणा’ वगैरे शब्द असलेली पुढची प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.