मावशी, ते अंक लॅमिनेट करू नकोस

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘जुनी कॉमिक्स, मासिकं, दिवाळी अंक 100 वर्षं टिकवा, 6 घरगुती उपाय.’ एक, पानं सुटी करून लॅमिनेट करा. दोन, डांबरगोळ्या घालून ट्रंकेत बंद करा. तीन, व्हॅक्यूम पिशवीत हवा काढून सील करा. चार, दरवर्षी ऊन दाखवा. पाच, फाटलेलं चिकटपट्टीने जोडा. सहा, ‘ॲसिड-फ्री’ म्हणून विकतात ते महागडं सामान घेऊ नका, नुसतं मार्केटिंग आहे. वर तळटीप: आपल्या पूर्वजांच्या पोथ्या 300 वर्षं टिकल्या त्या कडुनिंबावर. मावशीने हा मेसेज पाठवून खाली लिहिलं, ‘किशोर मासिकाचे अंक उद्या झेरॉक्सवाल्याकडे नेते.’ म्हणून हे घाईने.

लॅमिनेशनपासून सुरुवात, कारण बाकीच्या चुका थोड्याफार तरी निस्तरता येतात, ही येत नाही. लॅमिनेट करायचं तर आधी पिना उपटायच्या आणि जोडपानं मधोमध कापायची. म्हणजे अंक तिथेच संपला. मग ते पान दोन प्लास्टिकच्या थरांत घालून 100 अंशांहून जास्त तापलेल्या रुळांमधून जातं. थरांच्या आतल्या बाजूचा डिंक वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो आणि तिथेच थिजतो. पुढे कधी ते सोलायला गेलात तर प्लास्टिकबरोबर छपाईही निघते.

बरं, एवढं करून कागद वाचतो का? नाही. जुनी कॉमिक्स आणि मुलांची मासिकं बहुतेक न्यूजप्रिंटवर किंवा त्याच्या जवळपासच्या कागदावर छापलेली. हा कागद लाकूड दळून केलेला, त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, तसंच राहिलेलं. तो पिवळा पडतो, आणि त्यात आम्ल तयार होत राहतं. कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्या सेल्युलोजच्या साखळ्या आम्ल तोडतं, तुटताना आणखी आम्ल निघतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने याच्यावर प्रयोग केलेत. आम्लयुक्त कागद चारी बाजूंनी बंद केला की त्यातून निघालेलं आम्ल बाहेर जाऊ शकत नाही आणि तो उघड्या कागदापेक्षा लवकर ठिसूळ होतो. लॅमिनेशन म्हणजे नेमकं हेच. व्हॅक्यूम पिशवीचंही उत्तर यातच आलं. शिवाय तिच्या दाबाने पिनेचा ठसा पुढच्या पानांवर उठतो.

‘सरकारी दफ्तरांतही लॅमिनेशन करत’ असं कुणीतरी म्हणेलच. करत होते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म आणि पातळ टिश्यू ॲसिटोनने हाताने चिकटवायची पद्धत बसवली होती, ती जगभर गाजली. पण त्यात कागदातलं आम्ल आधी काढावं लागे, आणि ती फिल्म ॲसिटोनमध्येच परत सुटे. तरी ती फिल्मही काळाने खराब होते, म्हणून संवर्धक आज तीसुद्धा टाळतात. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या गरम मशीनचा तिच्याशी काही संबंध नाही. आणि मावशी, फक्त वाचायलाच हवे असतील तर बालभारतीने किशोरचे 1971 पासूनचे अंक नेटवर ठेवलेत. कागद वाचवायचा असेल तर कापू नकोस.

आता सहावा मुद्दा, ‘ॲसिड-फ्री’ सामानाचा. हा निम्मा खरा आहे, हे कबूल करणं जिवावर येतं. ‘आर्काइव्हल’ हा शब्द कुणीही पाकिटावर छापावा, त्याला कायद्याचा आधार नाही. ‘ॲसिड-फ्री’चा अर्थही एवढाच, की कारखान्यातून निघताना त्यात आम्ल नव्हतं. लिग्निन भरपूर असलेला पुठ्ठाही थोडी चुनखडी घालून ॲसिड-फ्री म्हणून विकता येतो, आणि काही वर्षांत त्याचं आम्ल परत वर येतं. पण म्हणून सगळंच थोतांड ठरत नाही. काय विचारायचं ते कळलं पाहिजे. कागदासाठी आयएसओ 9706 हे मानक आहे: पीएच 7.5 ते 10, राखीव अल्कली (आम्ल मारणारा साठा) किमान 2 टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतकी, आणि लिग्निन किती ते सांगणारा ‘कप्पा’ (kappa) अंक 5 च्या खाली. पिशवीत अंकाच्या पाठीला लावायच्या पुठ्ठ्यासाठी हेच तीन आकडे विक्रेत्याला विचारा. उत्तर ‘सर, एकदम आर्काइव्हल आहे’ असं आलं तर पुढच्या दुकानात जा.

घरी तपासायला पीएच पेन मिळतं: रेघ जांभळी झाली तर ठीक, पिवळी राहिली तर आम्ल. मात्र ते फक्त पृष्ठभाग सांगतं. मिठाईच्या खोक्याचा डुप्लेक्स पुठ्ठा, पुढून पांढरा आणि मागून करडा, पांढऱ्या बाजूने सहज पास होतो. म्हणून कोपरा तिरका फाडून आतल्या गाभ्यावर रेघ ओढा. आणि लिग्निन पेनला अजिबात दिसत नाही, हे लक्षात ठेवा.

पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिस्टरच्या, 40 ते 50 मायक्रॉन. पीव्हीसी नको, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल निघतं. शंका असेल तर नखाएवढा तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून सोडा. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पीव्हीसी बुडतं. (पॉलिस्टरही बुडतं, पण ते करकरीत असतं आणि त्याला नव्या रेनकोटचा वास येत नाही.) पिशवी अंकापेक्षा 5-6 मिमी रुंद हवी, जाड अंकाला त्याची जाडीही मिळवा. डिंकाची पट्टी झाकणावर असलेली पिशवी घेऊ नका. अंक काढताना मुखपृष्ठ तिला चिकटतं आणि सोलवटतं. झाकण नुसतं मागे दुमडा, चिकटवू नका. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा तोच नियम इथेही लागू आहे: आम्लाला वाट हवी, आणि ते शोषून घ्यायला अल्कली असलेला पुठ्ठा हवा. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी पाच-सात वर्षांनी बदला.

डांबरगोळ्यांची वाफ कसर मारण्याइतकी दाट झाली, तर ट्रंक उघडणाऱ्याच्याही नाकात तेवढीच जाते. आणि कॉमिक्सची ट्रंक उघडतं कोण? मुलं. जी6पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांत डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कीड लागलीच असेल तर अंक दोन पिशव्यांत बंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडू नका, नाहीतर दव कागदावर धरेल.

ऊन: अतिनील किरणांनी लिग्निन पिवळं पडतं, विषय संपला. दमट अंक पंख्याखाली वाळवा. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन आरपार उतरतो. फाटलेलं जोडायला जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या पिठातलं निव्वळ स्टार्च काढून केलेली पातळ खळ, एवढं पुरतं. मोरचूद घातलेली बाइंडरची खळ नको.

राहिला कडुनिंब. पोथ्या टिकल्या त्या जुन्नरीसारख्या कागदामुळे, चिंध्या कुटून हाताने केलेल्या, ज्यात लिग्निन जवळजवळ नसे. कडुनिंबाची पानं पूर्ण सुकलेली असतील तर फारसं नुकसान नाही, ओली असतील तर डाग आणि बुरशी. न्यूजप्रिंटवर त्यांचा काही इलाज चालत नाही.

कपाट लोखंडी, भट्टीत भाजलेल्या रंगाचं. प्लायवूडचं नको. बाहेरच्या भिंतीपासून आणि जमिनीपासून 10-15 सेंमी दूर. जाडजूड दिवाळी अंक आडवे, फार तर दहा-बारांची चळत, नाहीतर खालच्यांचे कणे फुटतात. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते आणि पिना गंजतात, म्हणून साधं डिजिटल हायग्रोमीटर आत ठेवा. पिशव्या भरायच्या त्या जानेवारी-फेब्रुवारीत. जुलैत भरलात तर मुंबई-कोकणातली अख्खी हवा अंकासोबत आत जाते.