शेतातल्या आखाड्यावरची खोलीही कायद्यात बसते

चोरी झालीच नाही तर घरफोडीचा गुन्हा होत नाही, असे घरफोडीवरच्या एका लेखात म्हटले आहे; ते विधान चुकीचे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 नुसार माणसांच्या राहत्या घरातच नव्हे, तर माल ठेवण्यासाठी वापरात असलेल्या इमारतीतही गुन्हा करण्याच्या किंवा धाकदपटशाच्या इराद्याने बेकायदा शिरणे गृह-अतिक्रमण ठरते, आणि त्यासाठी शरीराचा एखादा भाग आत गेला तरी पुरे. म्हणजे आपल्या परभणी-हिंगोलीकडे सोयाबीनची पोती ठेवलेली आखाड्यावरची पक्की खोलीही यात येते. कलम 330 प्रमाणे कुलूप उघडून केलेला असा प्रवेश घरफोडी होते. घरमालकाची हरवलेली किल्ली वापरली तरीही! म्हणून फिर्याद देताना दाराला कुलूप होते, हे आवर्जून लिहून घ्यावे.