सेंट अँड्र्यूज कुणी बांधलं नव्हतं

गोव्यातल्या पेडण्यात गोल्फ कोर्सचा विषय निघाला की एक मजकूर मोबाइलवर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज हे दरिद्री कोळीगाव होतं. एका शाही क्लबाने तिथल्या वाळूत पैसा ओतून गोल्फ कोर्स बांधला. गावाच्या हातात असताना त्याचं वाटोळं झालं होतं, खासगी मालकाने ते वाचवलं, आणि गाव सोन्याचं झालं. गोल्फ हा तर पोर्तुगिजांनी आपल्याला दिलेला वारसा. पाऊस आपल्याकडे त्यांच्या चौपट, आणि सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उंच पठारावरची जमीन अशीही पडीक. मग आपल्या तालुक्यातल्या तेरेखोलचं सेंट अँड्र्यूज व्हायला विरोध कशाला?

विरोध करावा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण साक्षीदार म्हणून ज्या गावाला उभं केलंय, ते मजकूर लिहिणाऱ्याच्याच विरुद्ध बोलतं.

"दरिद्री कोळीगाव." सेंट अँड्र्यूजचं कॅथीड्रल १३१८ साली राजा रॉबर्ट द ब्रूसच्या उपस्थितीत अर्पण झालं. विद्यापीठ १४१३ पासूनचं. स्कॉटलंडच्या धर्मसत्तेचं ते केंद्र होतं. धर्मसुधारणेनंतर कॅथीड्रल ओस पडलं आणि गावाला उतरती कळा लागली, एवढं खरं. पण गोल्फ येईपर्यंत ते गाव कुणाला ठाऊक नव्हतं, असं म्हणणं म्हणजे जुन्या गोव्याला हॉटेलांनी नाव मिळवून दिलं म्हणण्यासारखं आहे.

"शाही क्लबाने बांधला." इथे कालगणनाच उलटी आहे. १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल दोन्हींवर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसत. बंदी घालावी लागते ती लोकांमध्ये भिनलेल्या गोष्टीवर. १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टनला गावाबाहेरच्या त्या वाळवंटी कुरणात ससे पाळायचे होते. त्यासाठी जी सनद झाली तिच्यात गावच्या लोकांचा तिथे गोल्फ आणि फुटबॉल खेळण्याचा हक्क मान्य करून ठेवला आहे. म्हणजे मोठ्या माणसाने गावाच्या जमिनीत सोय मागितली आणि गावाने आपला हक्क कागदावर घेतला. क्लब स्थापन झाला त्यानंतर दोनशे वर्षांनी, १७५४ साली. 'रॉयल' हे बिरूद त्याला १८३४ साली राजा चौथ्या विल्यमकडून मिळालं.

मैदानाचा आराखडा तर कुणीच काढलेला नव्हता. वारा, मेंढ्या, ससे आणि खेळणाऱ्यांचे पाय यांनी तो घडत गेला. एका फेरीत आधी बावीस होल खेळत, १७६४ साली ते अठरा केले, आणि पुढे जगाने तोच आकडा उचलला. त्या जगप्रसिद्ध क्लबाच्या मालकीचा आजही तो कोर्स नाही. क्लबाची इमारत पहिल्या टीच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेच्या मागे मोठ्या रुबाबात उभी आहे. फोटोत तीच दिसते म्हणून कोर्सही तिचाच असणार, असा समज होत असावा.

"गावाने वाटोळं केलं, खासगी मालकाने वाचवलं." मजकुरातला हा एकच मुद्दा नीट तपासण्यासारखा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. १७९७ साली सेंट अँड्र्यूजची नगरपरिषद कर्जात बुडाली आणि तिने ती जमीन विकली. लोकांचा खेळण्याचा हक्क राखूनच ती दिली होती. पण ज्या व्यापाऱ्यांच्या हाती ती गेली त्यांनी तिथे सशांची पैदास सुरू केली. बिळांनी मैदान पोखरलं. गोल्फ खेळणारे आणि ससेवाले यांच्यात मारामाऱ्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि हे वीसेक वर्षं चाललं. कागदावरचा हक्क शाबूत होता, फक्त खेळायला जमीन उरली नव्हती. १८२१ साली जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदाराने ती विकत घेतली आणि सशांचा धंदा बंद केला. हा माणूस स्वतः गोल्फ खेळणारा होता. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण मजकूर इथेच थांबतो आणि खरी गोष्ट पुढे आहे. चांगला भाटकार, म्हणजे जमीनमालक मिळाला म्हणून ते गाव निश्चिंत झालं नाही. १८९३ साली चीप घराण्याने ती जमीन क्लबाला विकली, तेव्हा नगरपरिषद थेट ब्रिटिश संसदेत गेली आणि १८९४ च्या कायद्याने तिने ती परत मिळवली. १९७४ साली नगरपरिषदांची फेररचना व्हायची होती. त्या गडबडीत जमीन कुणाच्या घशात जाऊ नये म्हणून पुन्हा कायदा झाला आणि कारभार एका सार्वजनिक न्यासाकडे सोपवला गेला. तो आजही तिथेच आहे. खासगी मालकांनी एकदा बिघडवलं, एकदा सुधारलं, आणि गावाने त्यावरून एवढंच ठरवलं की हा जुगार पुन्हा खेळायचा नाही.

आपल्याकडे कोमुनिदाद, म्हणजे सामाईक जमीन राखणाऱ्या जुन्या ग्रामसंस्था होत्याच की, असं इथे कुणी म्हणेल. मी ती तुलना फार ताणणार नाही. कोमुनिदादीची जमीन मूळ गावकर घराण्यांच्या वंशजांची, साऱ्या गावाची नव्हे. त्यापेक्षा कापणीनंतर रिकाम्या शेतात फुटबॉल खेळणारी पोरं मला सेंट अँड्र्यूजच्या जास्त जवळची वाटतात.

"कोर्स म्हटला की कुंपण आलंच." असंही त्या मजकुराच्या एका लांबलेल्या आवृत्तीत वाचलं. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सच्या पहिल्या आणि अठराव्या होलच्या मैदानातून चक्क सार्वजनिक रस्ता आडवा जातो. रविवारी एरवी तिथे खेळ बंद असतो आणि लोक कुत्री घेऊन फिरायला येतात. गावात राहणाऱ्यांना सवलतीचा वार्षिक पास मिळतो. एवढ्या तीन गोष्टी लेखी द्यायला कुठलं रिसॉर्ट तयार आहे, ते सांगावं.

"पोर्तुगिजांचा वारसा." हे वाचून हसू आलं. पोर्तुगालमधला पहिला गोल्फ क्लब १८९० साली पोर्तोजवळ निघाला, तोही वाइनच्या व्यापारात असलेल्या इंग्रजांनी काढला. कलकत्त्यात त्याच्या एकसष्ट वर्षं आधी, १८२९ साली, इंग्रजांचा क्लब निघाला होता. या खेळात पोर्तुगीज आपल्याही मागे होते.

"पाऊस चौपट." आकडा साधारण बरोबर आहे. तिथे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे तीन हजारांच्या आसपास. फरक असा की तिथला पाऊस बारा महिन्यांत विभागलेला, उन्हं मवाळ, जमीन समुद्राच्या वाळूची आणि गवत मुळातच त्या वाळूत उगवणारं. कित्येक शतकं त्याला माणसाने पाणी घातलं नाही. आज तिथेही पाण्याच्या नळ्या टाकल्या आहेत, पण त्या पावसाला जोड म्हणून. आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. पर्यटक येतात नोव्हेंबरपासून, म्हणजे सडा करपू लागतो तेव्हा. अठरा होलचा कोर्स म्हणजे पन्नास-साठ हेक्टर हिरवळ, आणि ती हिरवी ठेवायची ती नेमकी गावच्या विहिरी खोल जाऊ लागतात त्या महिन्यांत. सड्याच्या जांभ्यात मुरलेलं पाणीच खाली झरी होऊन बागायतींना मिळतं. वर खतं आणि तणनाशकं पडली तर तीही त्याच वाटेने उतरणार.

"जमीन पडीक." गोल्फ कोर्ससाठी तेरेखोलच्या ज्या जमिनीवरून वाद पेटला तिथे काजूच्या बागा होत्या आणि लोक कूळ म्हणून हक्क सांगत होते. काजूच्या बागेत वर्षातले आठ महिने फारसं कुणी दिसत नाही. बोंडू पिकायला लागले की मग कोण कसतं ते कळतं. शिवाय हा नुसता भावनेचा प्रश्न नाही. १९६४ च्या कूळ कायद्याखाली कुळाच्या नावावर झालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, असं गोव्याचा १९९१ चा जमीन वापर कायदा सांगतो. तेव्हा यापुढे कुणी हा मजकूर पाठवला तर त्याच्याकडे त्या सर्व्हे नंबरचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या हक्काचा सरकारी कागद मागावा, आणि त्यात कुळाच्या रकान्यात काय लिहिलंय ते आधी वाचावं.