"टाकून दे ना, कोण बघतंय?"

परत तेच! मी एसईओवाला, म्हणजे साइट्स गूगलच्या शोधात वर आणणारा. क्लायंटचा मेसेज: "स्पर्धकाच्या पानावरचा मजकूर उचल, चार शब्द इकडचे तिकडे कर, चालतंय." डोंबल चालतंय! कॉपीराइटची तक्रार गेली की गूगल ते पान शोधातून काढून टाकतं, आणि मग रात्री अकराला फोन मलाच. "ट्रॅफिक कुठे गेलं?" गेलं तेल लावत.

दुसऱ्या साइट्सवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका विकतच घ्यायच्या तर निदान 'स्पॉन्सर्ड' (ही लिंक पैसे देऊन घेतलीय, असं गूगलला सांगणारा) टॅग तरी लावू द्या, २०१९पासून आहे तो. पण नाही! टॅग लावला तर गूगल ती लिंक सहसा जमेस धरत नाही, म्हणून "मग पैसे कशाला मोजले?" गूगलच्या २०१२च्या पेंग्विन अपडेटने (शोधाच्या यंत्रणेतल्या बदलाने) अशाच लिंकांवर उभ्या राहिलेल्या साइट्स आपटल्या होत्या. हे सांगितलं की मी 'निगेटिव्ह'.

आणि ते खोटे रिव्ह्यू! परवा आलेल्या शीटमध्ये वीस गिऱ्हाइकं, वीस नावं, आणि सगळ्यांची 'सर्व्हिस'मध्ये तीच एक टायपो. (एवढा आळस खोटेपणातही?) अमेरिकेत २०२४पासून याविरुद्ध एफटीसीचा (तिथल्या व्यापार आयोगाचा) स्वतंत्र नियम आहे, दंडासकट. करारात मात्र बारीक अक्षरात एकच ओळ: सर्व कायदेशीर जबाबदारी एसईओवाल्याची. वा रे वा! खाणार तुम्ही, आणि खरकटं मी काढायचं?

हे लिहितोय तोवर पुन्हा पिंग. "रिव्ह्यू टाकलेस का?"