दुखणं सांगता येतं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की वेदना ज्याची त्यालाच, दुखण्याच्या ठणका-कळ-चमक या शब्दांचं मी माझ्या लेखात केलेलं कौतुक भाबडं आहे आणि डॉक्टर शेवटी एमआरआयच बघतात.

पहिलं अर्धं मान्य. तुमची दाढ ठणकते तेव्हा माझी ठणकत नाही. पण हे शब्द आपल्याला आले कुठून? लहानपणी गुडघा फुटला की आई फुंकर घालत विचारायची, चुरचुरतंय का, आणि त्या वेळी जे काय होत होतं त्याला ते नाव चिकटलं ते कायमचं. म्हणजे आतल्या गोष्टीला नाव दिलं ते बाहेरच्या माणसाने, जखम बघून, मग ते परत बाहेरच्याला कळणारच ना.

एमआरआयचं मात्र अजिबात पटलं नाही. 1994 साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, पाठदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले तर 52 टक्के लोकांची मणक्यातली एक तरी गादी फुगलेली निघाली! फिल्मवर दिसतंय पण माणसाला दुखत नाहीये. मग विचारल्याशिवाय कळणार कसं? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये दुखण्याचे 78 शब्द 20 गटांत लावून प्रश्नावली केली ती याचसाठी, किती दुखतंय एवढंच नाही तर कसं दुखतंय हे कळावं म्हणून.

माझ्या आईचंच सांगते. बरगडीपाशी दुखत होतं, वर काहीच दिसत नव्हतं, आम्ही सगळे गॅसेस म्हणून ओवा देत बसलो. डॉक्टरांनी विचारलं ठणकतंय की भगभगतंय, ती म्हणाली भाजल्यासारखं होतंय, पदर टेकला तरी सोसवत नाही. ते म्हणाले नागीण असू शकते, लक्ष ठेवा. तीन दिवसांनी पुरळ आलं.

बोलताच न येणाऱ्यांचं काय, हा तुमचा प्रश्न मात्र जिव्हारी लागला, माझ्या लेखात ते राहूनच गेलं होतं. 1980 च्या दशकापर्यंत कित्येक नवजात बाळांची ऑपरेशन्स जवळजवळ भूल न देता व्हायची, त्यांना दुखत नाही असं समजून. वेदनेची आंतरराष्ट्रीय व्याख्या 2020 मध्ये सुधारली, तिच्यासोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट लिहिलंय की सांगता आलं नाही म्हणजे दुखत नाही असं होत नाही.

तुमच्या वडिलांच्या गुडघ्याबद्दल लिहिलंय, "दहापैकी किती" विचारलं की ते गप्प बसतात. आकडा नका विचारू. जिना उतरताना कळ येते का, सकाळी उठल्यावर आखडतो का, असं विचारून बघा आणि काय म्हणाले ते कळवा.