मैफलीतला मोबाईल आणि पेटीवाल्याची पंचाईत

मैफलीत मोबाईल उंच धरून चित्रण करत बसणाऱ्यांशी माझं भांडण आहे. रसभंग होतो वगैरे म्हणून नाही. रसभंग तर लाऊडस्पीकरवालाही करतो, त्याला आपण वर चहा पाजतो. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती साथीला बसणाऱ्यालाच चटकन कळेल.

मी पेटी वाजवतो. सांगली, मिरज, तासगाव, विटा, कधी जतपर्यंत. कीर्तन, अभंगवाणी, नाट्यपदं, गणपतीतले दहा दिवस, आणि वर्षात मोजक्या खऱ्या ख्यालाच्या बैठका. घर चालतं ते शिकवण्यांवर. पण पेटीवाला म्हणून जीव रमतो तो त्या मोजक्या बैठकांत.

तिथं गवई काय करणार हे मला आधी ठाऊक नसतं. बऱ्याचदा त्यालाही नसतं. राग, ताल, बंदिश ठरलेली, पुढचं सगळं तिथंच घडायचं. आलापी चालू असताना मी क्षणभर मागं असतो, आणि तो श्वास घ्यायला थांबला की तेवढी जागा माझी. त्या जागेत त्याचीच ओळ परत म्हणायची की तिला नवं टोक काढून द्यायचं, हे विचार करायच्या आत बोटांनी ठरवलेलं असतं. जास्त दिलं तर 'आज पेटी गाण्याच्या अंगावर येत होती'. कमी दिलं तर 'पेटीला कोण होतं हो?' त्यात पेटीचे सूर ठोक, पट्ट्यांत बांधलेले. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे झुलता गंधार पेटीत नाहीच, रिषभाकडून कण, म्हणजे ओझरता स्पर्श, घेत, भाता हलका ठेवत त्याचा भास करायचा. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (सुरांमधली बारीक अंतरं) नाहीत म्हणून आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदीच घातली होती, ती उठायला १९७१ उजाडलं. तेव्हा आमच्या जमातीला शंका घेतली जाण्याची सवय जुनी आहे.

माझी स्वतःबद्दलची शंका निराळी. रात्रभरात जे वाजवतो त्यात नवं किती? खरं सांगायचं तर फार थोडं. बाकी सगळ्या हाताला बसलेल्या जागा. बागेश्री रागातली लड जरा वळवून आभोगी रागात खपवलेली असते. आमचे तबलजी म्हणतात, "तुझी ती तान आली की मला सम मोजावी लागत नाही." याचं वाईट वाटायचं, आता वाटत नाही. पाठीशी इतकं जमलेलं असल्याशिवाय एखादी न जमलेली गोष्ट करायला हात धजतच नाही. रात्रीत एक-दोनदा असं होतं, की आपण कुठं निघालोय ते माहीत नसताना निघतो. कधी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुखरूप येतो, कधी मधेच लटकतो. लटकलो तर जाणकार चारजण गालात हसायचे, गवई डोळ्यानं सावरून घ्यायचा, आणि ती तान हवेत विरून जायची.

आता ती विरत नाही. घरी पोचून पेटी खाली ठेवायच्या आत व्हॉट्सअॅपवर आलेली असते, बरोबर मधली मिनिटभर कापून. परगावचा आयोजक तेवढ्यावरून माणूस ठरवतो. म्हणून हल्ली समोर मोबाईल दिसला की माझा हात आपोआप ओळखीच्या रस्त्यानं जातो. टाळी हमखास येते. मी मात्र त्या रात्री काहीच केलेलं नसतं.

यावर कुणीही म्हणेल, ध्वनिमुद्रण नसतं तर किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तुम्हाला कुठून ऐकू आले असते? ते १९३७ साली गेले, कबर आपल्या मिरजेच्या दर्ग्यात, उरुसात त्यांच्या नावानं आजही गाणं होतं. आमच्या पिढीनं ते ऐकले तबकड्यांवरच. कबूल. पण ती तबकडी जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. तिच्यासाठी गाणारा बेतून बसायचा, हे राहणार आहे हे त्याला ठाऊक असायचं. बैठकीचं गाणं वेगळं, तबकडीचं वेगळं. आता दोन्ही कामं एकाच वेळी करायची, तीही एकाच पाकिटात.

शिकवणीतल्या मुलांवरचा परिणाम तर रोज बघतो. कुणाची तरी क्लिपमधली हरकत सूर न चुकवता वाजवतात, अगदी बिनचूक. "आता याच सुरांत तुझं काहीतरी कर" म्हटलं की पोरगं आईकडं बघतं. परीक्षेसाठी आलाप वहीत लिहून पाठ करून घेणारा मीच, त्यामुळं दोष सगळा मोबाईलवर ढकलता येत नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले, १९०१ साली लाहोरला संगीत विद्यालय काढलं, आणि गाणं साध्यासुध्या घरांत पोचलं. त्याच व्यवस्थेवर माझी चूल पेटते. पण वहीतल्या आलापातून बाहेर पडायची जागा पूर्वी बैठक असायची. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं. बैठकीला कोण मानांकन देणार?

कधी वाटतं, हे वयाचं भय असेल आणि मोबाईल आयता सापडलाय. तबलजींचं मत हेच आहे, आणि आमचा वाद मिटलेला नाही.

तरी माझं म्हणणं इतकंच, की ध्वनिमुद्रण करायचं तर सांगून, ठरवून, शेवटच्या अर्ध्या तासाचं करा. गावभागात एका घरी अशी बैठक होते. दारात परात ठेवलेली असते, मोबाईल त्यात टाकायचा, भैरवीच्या वेळी परत मिळतो. तरुण मंडळी कुरकुरतात, पण येतात. मागच्या खेपेला गवयानं न ठरलेला राग धरला आणि पहिली दहा मिनिटं मी नुसता षड्ज-पंचम धरून बसलो होतो, पुढं जे झालं ते झालं. पुढच्या महिन्यात पुन्हा आहे. यायचं असेल तर आधी फोन करा, माडीवरची खोली लहान आहे आणि जिना अरुंद.